उजेड पडला की मी वाकतो

मित्रांनो, मी एक जुना रेणू आहे. जुना म्हणजे परवाचा. हसू नका. आमच्यात तीन दिवस टिकलेला म्हणजे तुमच्या पाड्यावरची शंभरी ओलांडलेली म्हातारी.

जव्हारकडच्या डोंगरात, सूर्यमाळच्या एका पाड्याखाली खडकात एक डबकं आहे. भातकापणी होते, ओहोळ आटतो, तरी तिथे पाणी असतं. त्या पाण्यात एकेका पेशीचे हिरवे जीव पोहतात. इतके बारीक, की एका थेंबात हजारो मावतात. प्रत्येकाला पुढे केसासारखी दोन वल्ही असतात आणि अंगावर एक नारिंगी ठिपका. त्या ठिपक्यापाशी, पेशीच्या पातळ कातडीत माझा जन्म झाला.

मी प्रथिनाचा. माझी बांधणी झोपडीसारखी आहे. सात मेढी, म्हणजे खांब, गोल उभ्या आणि त्यांच्यामध्ये एक इवलीशी काडी. अंधारात ती काडी सरळ असते. उजेड पडला की ती वाकते. ती वाकली की मेढी जराशा सरकतात, आत एक फट पडते आणि बाहेरचे क्षार त्या फटीतून शिरतात. तेवढ्याने वल्ह्यांना कळतं, की उजेड अमुक बाजूला आहे. मग फट मिटते, काडी सरळ होते आणि मी होतो तसा होतो. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत. दिवसभर माझा हाच उद्योग. कंटाळा येत नाही का, असं विचाराल. तुम्हाला श्वासाचा येतो का?

त्याच दिवशी सातवीतली हर्षाली आली आणि लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत आम्हा सगळ्यांना भरून घेऊन गेली. तिने बरणीला काळा कागद गुंडाळला, त्याला रुपयाएवढं भोक पाडलं आणि बरणी आत्याच्या घराच्या खिडकीत ठेवली. आत सगळा काळोख आणि एका बाजूने उजेडाची एकच वाट. मी वाकलो. माझे भाऊबंद वाकले. वल्ही हलली आणि आमचं अख्खं गाव त्या वाटेने निघालं. तासाभराने तिने कागद काढला, तर काचेवर भोकाच्या जागी हिरवागार रुपया!

"आत्या, बघ! पानी उजेडाकडं चालत जातंय!"

भागी आत्या नाचणी पाखडत होती. "तुझं पानी तरी चालतंय. माझी शेळी हाकलली तरी जात नाय."

आता कोणी म्हणेल, तुला कान नाहीत, मग हे बोलणं कसं ऐकलंस? आत्मवृत्तात तेवढं चालतं.

हे खेळासाठी नव्हतं. शाळेतल्या प्रतिभाबाईंनी सांगितलं होतं, की बुधवारी ज्याचा प्रयोग वर्गात चालेल, तो जव्हारला विज्ञान प्रदर्शनात जाईल. आणि गुरुवारी पाड्यावरची बरीच माणसं पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर कामाला निघणार होती. हर्षालीचा बाप सुकऱ्या म्हणाला होता, "प्रयोग चालला तर रहा आत्याकडं, शाळा कर. नाय चालला तर गाडीत बस. भट्टीवर धाकट्याला कोन बघणार?" तो रागावून म्हणाला नव्हता. त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना.

मंगळवारी संध्याकाळी भागी आत्याने बरणी उचलून पाहिली. पोरगी राहावी, असं तिला फार वाटत होतं. उद्या एवढ्या माणसांपुढे न्यायचं पाणी, आणि ते असं शेवाळलेलं? लोक काय म्हणतील, भागीच्या घरात पाणी गाळत नाहीत? तिने फडताळातून निवळीचं बी काढलं. गढूळ पाणी नितळ करायला तिची आईही तेच वापरायची. दगडावर उगाळून तिने ते बरणीत ढवळलं. तिची माया आमच्यावर डोंगरासारखी कोसळली. त्या उगाळलेल्या चिकट बीमुळे आम्ही एकमेकांना चिकटलो, गोळे झालो आणि तळाशी जाऊन बसलो.

सकाळी पाणी एकदम नितळ.

"आत्या! माझं हिरवं पानी कुठं गेलं?"

"हितंच हाये ना. बघ कसं डोळ्यासारखं झालंय. घाण समदी खाली बसली."

"ती घाण नाय! तीच जव्हारला जायची होती!"

भागी आत्याने फडताळातलं उरलेलं बी काढलं. तिने बी हातात धरून उलटसुलट पाहिलं, जणू चूक त्याच्यावर लिहिलेली असेल. मग एवढंच म्हणाली, "ओतू नको, बाय. मी येते तुझ्यासंगं. बाईला सांगन, मीच केलं."

हर्षालीने पाणी ओतलं नाही. आत्यासोबत शाळेत जाऊन तिने पुन्हा काळा कागद गुंडाळला आणि भोक खिडकीकडे केलं.

मित्रांनो, तळाशी मऊ काळोख होता. वरून दोऱ्याएवढा उजेड आला. मी वाकलो. वल्ही हलली, पण सुटका नाही. सरळ झालो. पुन्हा वाकलो. किती वेळा, ते मोजणं मला येत नाही. मला एकच गोष्ट येते, तीच मी करत राहिलो. दुपारी केव्हातरी गोळा सैल झाला. माझी पेशी सुटली, शेजारची सुटली. पुष्कळ जण मागेच राहिले. आम्ही थोडेसे त्या दोऱ्याला धरून वर निघालो. स्वप्नात चालावं तसं.

प्रतिभाबाईंनी कागद काढला. चष्मा पुसून पाहिलं. "हर्षाली, मला तरी काही दिसत नाही गं."

सुकऱ्या तिला न्यायला दारात आला होता. तो आत आला, उकिडवा बसला आणि काचेला नाक लावून बघत राहिला. नाही म्हणाला असता, तर भट्टीवर धाकट्याची सोय झाली असती. कोणाला कळलंही नसतं.

"हाये," तो म्हणाला. "हितं. तांदळाएवढं."

बाईंनी वाकून पाहिलं. "अरे हो! हिरवं आहे!"

"धाकट्याचं मंग कसं करशील?" भागी आत्याने हळूच विचारलं.

"बघन मी. झोळी बांधीन झाडाला." मग बहिणीकडे बघून म्हणाला, "तू फकस्त त्या बरणीला हात नको लावू."

मित्रांनो, माझे थोडेच तास उरलेत. प्यायचं पाणी खुशाल निवळून, उकळून प्या, त्याचा मला राग नाही. पण कशालाही घाण म्हणण्याआधी तासभर त्याला उजेड दाखवा आणि थांबून बघा.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्यात आहे तसलीच काडी तुमच्या डोळ्यांतही असते. फरक एवढाच, की तुमची अंधारात वाकलेली असते आणि उजेडाने सरळ होते. हर्षाली आता बरणीला डोळा लावून बसली आहे. खिडकीतून ऊन आलं. इकडे मी वाकलो. माझ्या अंगावरून जो उजेड पुढे गेला, त्याने तिकडे तिची काडी सरळ झाली.