चोवीस खिशांचं जाकीट

भुर्र एअर या स्वस्त विमान कंपनीने मालदीवमधल्या मालेची नवी सेवा जाहीर केली. नवी मुंबई ते माले, मध्ये त्रिवेंद्रमला थांबा, आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘हसत थांबा, हसत पोचा.’ अंबरनाथला शिवमंदिराच्या मागे राहणाऱ्या जनाबाईंनी ती तीनदा वाचून घेतली आणि मुलाला, प्रमोदला, सांगितलं, “पहिल्याच विमानाचं काढ.”

कारण पायल. जनाबाईंची लेक, मालेला राहते. जावई विक्रांत तिकडे एका रिसॉर्टमध्ये एसी दुरुस्त करतो, रिसॉर्ट वेगळ्याच बेटावर, रजा मिळेल तेव्हा घरी. पायलला डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केलेली आणि बाळंतपणाची तारीख दिलेली त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवसाची, शुक्रवारची. पायल फोनवर एवढंच म्हणाली होती, “आई, इथे माझा हात धरायला कोणी नाही गं.”

“व्हिडिओ कॉल करू की,” प्रमोद म्हणाला.

“मोबाइलनं हात धरता येतो का?”

प्रमोदने तिकीट काढलं आणि नियम वाचला. बॅग सात किलो. वर एक किलो गेलं तर तिकिटाच्या निम्मे पैसे. जनाबाईंनी डिंकाचे लाडू केलेले एकशेवीस. बावीस वर्षं एमआयडीसीत बिस्किटांच्या पॅकिंगला काढलेली बाई, लाडू हातात घेऊन म्हणाल्या, “पासष्ट ग्रॅमचा एक. सगळे मिळून पावणेआठ किलो.” प्रमोदने काट्यावर टाकले. सात किलो आठशे.

“पन्नास ग्रॅम चुकलीस.”

“तुझा काटा चुकलाय.”

प्रमोदने नियम परत वाचला, वकिलासारखा, आणि एकदम ताठ बसला. “आई, अंगावरच्या कपड्यांना लिमिट नाय लिहिलेलं.”

दुसऱ्या दिवशी दोघं उल्हासनगरला हरेशकडे. हरेशचा जीन्स शिवायचा कारखाना, सहा मशिनी आणि एक कायम बिघडलेला पंखा. त्याने मापं घेता घेता सगळं ऐकलं.

“साईं, टेन्शन नाय. असं जाकीट बनवतो, आतमध्ये आई कमी आणि खिसे जास्त.”

चोवीस खिसे. खिशात पाच-पाच लाडू, वर चेन. गुरुवारी सकाळी जनाबाई ते घालून उभ्या राहिल्या तर शेजारीण म्हणाली, “ताई, तब्येत सुधारली हो एका आठवड्यात.”

नवी मुंबईला बॅगेचं वजन झालं, सहा किलो नऊशे. जाकीट मात्र मशीनमधून गेलं आणि पडद्यावर एकशेवीस गोळे एका ओळीत आले. मशीनवाल्याचा चेहरा गंभीर झाला. जनाबाईंनी एक चेन उघडली, लाडू त्याच्या हातावर ठेवला. “खाऊन बघ. फुटला तर मी जबाबदार.” त्याने खाल्ला, डोळे मिटले, पुढे जायला हात दाखवला. उरले एकशेएकोणीस.

त्रिवेंद्रमला मोठ्या विमानातून उतरवलं आणि खिडकीतून पुढचं दाखवलं. ते छोटं, पंख्याचं. तीन तास थांबा, हसायची व्यवस्था काहीच नाही, खायचीही नाही. मग टाय लावलेला एक साहेब वजनकाटा ढकलत आला. विमान छोटं, म्हणून प्रत्येक माणसाचं हातातल्या सामानासकट वजन होणार.

जनाबाईंनी जाकिटाच्या चेनी एकेक चाचपल्या. चोवीसच्या चोवीस बंद होत्या.

साठ माणसं काट्यावर चढली, उतरली. साहेबाने आकडे कॉम्प्युटरला दिले. कॉम्प्युटर लाल झाला.

“सात किलो जादा है,” साहेब म्हणाला. “एक आदमी को रुकना पडेगा. रूल है, जो अकेला है वो रुकेगा.” त्याने यादी पाहिली. साठातला अकेला आदमी म्हणजे जनाबाई. “माताजी, हॉटेल फ्री. अगले गुरुवार को दूसरा विमान.”

“अगले गुरुवार को मेरा नातू सात दिन का होगा,” जनाबाई म्हणाल्या. “सात किलोच कम होना चाहिये ना? आदमी कम होना चाहिये असं तर नाय?”

साहेबाने रूल बुक उघडलं. असं नव्हतं लिहिलेलं. “सात किलो कम, तो ओके. वो जॅकेट का माल इधर डस्टबिन में डालो.”

“डस्टबिनमध्ये?” जनाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टाय सैल केली. “अन्न हाय ते. लेकीसाठी केलंय.”

मनात हिशेब झाला. पासष्ट ग्रॅमचा एक. सात किलोला एकशेआठ. उरतात अकरा. त्यांनी पहिली चेन ओढली आणि रांगेने वाटायला लागल्या. तीन तासांची उपाशी माणसं, कोणी नको म्हणेना. हनिमूनला निघालेल्या जोडप्याने तीन-तीन घेतले. पायलट चौकशीला आला, दोन खाऊन गेला. एक म्हातारे गृहस्थ तेवढे हिशेबी निघाले.

“बहनजी, वजन तो उतनाही है. जाकिटातून पोटात गेलं.”

“खाल्लात ना? मग गप बसा.”

जनाबाई परत काट्यावर चढल्या. बरोबर सात किलो कमी. बाकीच्यांचं वजन परत घ्यायचं रूल बुकात नव्हतं. साहेब बटणावर बोट ठेवून घुटमळला, तसा त्यांनी एक लाडू त्याच्याही हातात दिला. कॉम्प्युटर हिरवा झाला. विमान उडालं, आपल्याला काहीच माहीत नाही अशा थाटात.

शुक्रवारी पहाटे पायलच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा हात जनाबाईंच्या हातात होता.

“आई, तू हे काय घातलंयस?”

“जाकीट. दाब हात, जोरात दाब. तुटत नाय तो.”

सात वाजता मुलगी झाली. नर्स तिला काट्याकडे न्यायला लागली, तशी जनाबाईंनी आधी आपल्या ओंजळीत घेतली, जरा वरखाली केली.

“तीन किलो शंभर.”

नर्सचा काटा म्हणाला तीन किलो शंभर. पायलने दहातला एक लाडू तोडला आणि रडता रडता हसली. “एवढेच आणलेस?”

“रोज एक, नऊ दिवस पुरतील. तोवर इथे डिंक कुठं मिळतो ते शोधते,” जनाबाई म्हणाल्या आणि हरेशला फोन लावला. “हरेश, पायल अडीच महिन्यांनी घरी येणार. याच कंपनीच्या विमानानं, याच थांब्यानं. जाकिटाला पुढून एक मोठा खिसा लागेल.”

“आई, कितीचा?” हरेशने विचारलं.

“आज तीन किलो शंभर हाय. वाढत्या मापाचा शिव.”