दाताला थोडा विरोध

जगातलं प्रत्येक नातं विश्वासावर उभं असतं. या सासऱ्या-जावयाचं नातं मात्र गेले अकरा दिवस गुलाबी अॅक्रिलिकवर उभं होतं.

जावई त्याच अॅक्रिलिकच्या कवळ्या करायचा. सासरे दातांचे डॉक्टर. स्वतःचा एकही दात शिल्लक नाही, पण दवाखाना जोरात. दवाखान्यातलं कवळ्यांचं सगळं काम वर्षानुवर्षं पलीकडच्या रस्त्यावरच्या एका कारागिराकडे जायचं. त्याला सगळे बत्तिशीच म्हणत. आता सासऱ्यांनी स्वतःसाठी नवी कवळी मात्र जावयाकडून करून घेतली होती. अट एकच, ती जुनीसारखीच दिसली पाहिजे, पिवळेपणासकट. शेजाऱ्यांना चर्चेला विषय नको. जावयाने नऊ वेळा रंग जुळवला. सासऱ्यांनी कवळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, एक जेवण नीट पार पडू दे, मग दवाखान्याच्या कामाचं बघू.

तेव्हापासून जावयाच्या जिवाला थारा नव्हता. जेवणाची जागा त्याने स्वतः निवडली. कोपऱ्यावर, लाँड्री आणि किल्लीवाल्याच्या मध्ये, सहा टेबलांचं इटालियन हॉटेल होतं. त्याचं गणित सोपं होतं. बायको घरी पास्ता करायची तो इतका मऊ, की तान्ह्या बाळाने नुसत्या हिरड्यांवर निभावून नेला असता. त्यावरून इटलीत दातांना फारसं काम नसावं, असा त्याचा ग्रह झाला होता.

हॉटेल अस्सल आहे, असं पाटीवर लिहिलेलं होतं. ते त्याने मनावर घेतलं नव्हतं.

आधी पाव आला. तो कापायला मालकाला दोन्ही हात लावावे लागले. तेलात बुडवून घ्या, बराच वेळ बुडवून ठेवा, असं जावयाने सुचवून पाहिलं. सासरे म्हणाले, मी पेशंट नाही. आणि चावले.

सासऱ्यांच्या मिशा झुपकेदार होत्या आणि हसणं वर्षाकाठी एकदा, तेही आवाज न करता. त्यामुळे आत काय चाललंय ते दिसायची सोय नव्हती. जावई कान लावून बसला. सासऱ्यांचा जबडा हलला की याचाही हलायचा. रुमालाची घडी त्याने पाच वेळा घातली, सहा वेळा मोडली.

"अहो, जरा स्वस्थ बसा," बायको म्हणाली. "बाबा जेवतायत, तुम्ही कशाला चावताय?"

हात धुऊन येतो म्हणून तो उठला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला.

"पास्ता जरा जास्त शिजवाल का? एकाच ताटापुरता."

मालकाने हातावरचं पीठ झटकलं. "कुणासाठी?"

"वयस्कर माणूस आहे."

"माझी आई एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि असाच खाते. पास्त्याने दाताला थोडा विरोध केलाच पाहिजे, साहेब. नाहीतर लगदा होतो."

"दात त्यांचे नाहीत हो."

"मग कुणाचे आहेत?"

"माझे," जावई म्हणाला, आणि निमूटपणे जागेवर येऊन बसला.

पास्त्याने तत्त्वाप्रमाणे विरोध केला. सासऱ्यांनी तो मोडून काढला. मग मांस आलं. त्याचं वर्णन नको. जावयाच्या स्वतःच्या ताटातलं सगळं तसंच होतं. मालकाने येऊन, काही चुकलं का, असं दुखावल्या आवाजात विचारलं, तेव्हा बायकोने त्याचंही संपवलं. शेवटी बदामाची बिस्किटं आली. ती कॉफीत बुडवून खायची असतात, असं मालकाने बजावलं. सासऱ्यांनी न बुडवता एक तोंडात धरलं.

कट्.

जावयाने डोळे मिटले. उघडले तेव्हा सासरे दुसऱ्या बिस्किटाकडे हात नेत होते.

त्याला एकदम हलकं वाटलं. छाती फुगवून त्याने स्वतःसाठी कॉफी मागवली, बायकोकडे पाहून भुवई उडवली, आणि घसा साफ केला.

"बाबा, जेवण तर नीट पार पडलं. मग दवाखान्याच्या कामाचं..."

"कुठलं पार पडलं?" सासऱ्यांनी मिशीवरचा चुरा पुसला. "जावईबापू, नवी कवळी घालून कुणी बाहेर जेवायला येतं का? पहिले पंधरा दिवस कडक खाऊ नये. तुमच्याच सूचनांच्या कागदावर छापलंय, चौथा नियम. ती घरी वाटीत, पाण्यात ठेवलीय."

तोंडातली कवळी चौदा वर्षांपूर्वी बत्तिशीने केलेली होती.