लाल गाडीचं फुटकं धुराडं

मी एक जुना, फुटका पाइप आहे. मित्रांनो, तुमच्या दौंडच्या शाळेत लिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला तो मीच. सकाळी माझ्यावर हातोडी पडली की बाकीच्या शाळांसारखा 'ठण्ण' आवाज येत नाही, फाटका 'भ्रँग' निघतो, आणि तुम्ही फिदीफिदी हसता. हसा लेको! पण माझ्या पोटाला ही वीतभर चीर कशी पडली ते एकदा ऐकून घ्या. मग हसू आलं तर खुशाल हसा.

आधी मी रेल्वेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये होतो. आतून आग आणि धूर, बाहेरून उकळतं पाणी, असा दोन्हीकडून मार खात एकोणीस वर्षं काढली. माझा तापट स्वभाव तिथलाच. मग इंजिन मोडीत निघालं आणि भंगारातून मला नबीलाल मिस्त्रीने उचललं.

नबीलालची भट्टी स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. शेडच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको अमीरबी चुलीवर वाळूत फुटाणे भाजायची आणि संध्याकाळी फलाटावर विकायची. आता तुम्ही म्हणाल, फुटाण्यांचा नि पाइपाचा काय संबंध? आहे बाबांनो! पाइप वाकवायचा तर आत वाळू ठासून दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकाव्या लागतात, नाहीतर तो वळणावर चेपतो. आणि ती वाळू कोरडीठाक हवी. थोडी जरी ओल राहिली तरी तापल्यावर आत वाफ कोंडते, आणि कोंडलेली वाफ कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून नबीलाल अमीरबीच्या कढईतलीच वाळू वापरायचा. "अगं, घेऊ का?" असं विचारायचा. ती वाळूत हात घालायची, मूठ आवळून बघायची, आणि मगच म्हणायची, "घ्या." तिच्या 'घ्या'शिवाय त्या शेडमध्ये कधी पाइप वाकला नाही.

पानशेतचं धरण फुटायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. केंदूरकडचे मोठे बागायतदार मारुतराव लिलावातली मिलिटरीची जीप घेऊन आले, आणि सोबत विलायती मासिकातलं एक चित्र. चित्रात तीस-चाळीस वर्षांपूर्वीची शर्यतीची गाडी होती. लांबलचक बॉनेट, त्यावर कातडी पट्टा, तारांची चाकं. "जीप मोडून हुबेहूब अशी गाडी कर," मारुतराव म्हणाले. चार महिने नबीलाल पत्रा ठोकत होता. गाडी लालभडक रंगली, तिला लाल रेक्झिनची गादी बसली. राहिलं होतं फक्त धुराडं, म्हणजे मी.

"हे बॉनेटच्या कुशीतून भायेर काढ, आन् पार मागच्या चाकापत्तुर ने. दोन झोकदार वळणं पायजेत," मारुतरावांनी हुकूम सोडला.

"मालक, भायेरून नेलं तर चढता-उतरता मान्साची पोटरी भाजंल. खालून नेऊ. सायलेन्सर लावू."

"सायलेन्सर कशाला? मी शिरूरच्या बाजारात शिरलो की गाडी दिसायच्या आधी आयकू आली पायजे!"

"मग न जळणारी दोरी तरी गुंडाळू त्याच्यावर."

"आन् पट्टी बांधलेल्या पायागत दिसू दे व्हय? निकेल चढव त्याला. चमकलं पायजे!"

खोटं कशाला बोलू? मला मालकाचंच पटत होतं. एकोणीस वर्षं अंधारात काढल्यावर कुणाला चमकावंसं वाटणार नाही?

पहिलं वळण झकास झालं. दुसऱ्या वळणाच्या दिवशी मारुतराव सकाळीच येऊन थडकले, हातात वेताची छडी, सोबत भिमा ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी शिरूरचा बाजार होता. आषाढातली कुंद हवा होती. अमीरबीची साधी वाळू कढईत चण्यांत गुंतली होती.

"घटकाभर थांबा," ती म्हणाली.

"ह्यो डबा भरलाय की!" मारुतरावांनी छडीने दुसरा डबा दाखवला.

"त्यो खाऱ्या फुटाण्यांचा हाय. त्या वाळूत मीठ उतरलंय. रातभर उघडी व्हती, सादळलीया. तिला हात लावू नगा!"

मारुतराव खो-खो हसले. "काय रं नबीलाल, लोखंड तू वाकवतो का तुझी बायकू? बायकूला इचारून घण उचलणारा मिस्त्री आजच बघितला!"

भिमासुद्धा तोंडावर हात ठेवून हसला. नबीलालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मित्रांनो, तो शहाणा माणूस होता. त्याला सगळं कळत होतं. पण हसणं लागलं की शहाण्याचाही गाढव होतो. त्याने अमीरबीकडे पाहिलंसुद्धा नाही. तोच डबा उचलला, माझ्यात रिकामा केला, ठासला आणि खुंट्या ठोकल्या.

मला भट्टीत घातलं. भाता सुरू झाला. आतल्या आत मला कळ यायला लागली. मी ओरडलो असतो, पण माझी दोन्ही तोंडं बंद होती! मी लालबुंद झालो, नबीलालने मला बाहेर काढलं, डावा हात थंड टोकाला लावून उजव्या हाताच्या सांडशीने वळणाला धरलं, आणि जोर दिला.

धडाम्!

पोट फाटलं माझं. एका टोकाची खुंटी भिमाच्या कानाला चाटून गेली आणि बॉनेटचा पत्रा फोडून आत घुसली. वाफ आणि तापलेली वाळू नबीलालच्या उजव्या हातावर फुटली. सांडशी छताला जाऊन आपटली. धूळ बसली तेव्हा त्याच्या मनगटापुढे बघवेना. तो मनगट छातीशी धरून खाली बसला.

आणि मारुतरावांच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? "अरं, माझं बॉनेट!"

अमीरबीने पदर टराटरा फाडून मनगट आवळलं. लुगड्यावर रक्त पसरत होतं. "भिमाभाऊ, गाडी काढा! दवाखान्यात न्या!"

"ती गाडी?" मारुतराव आडवे आले. "नवी कोरी गादी हाय. रक्ताची घाण व्हईल. टांगा बघा."

टांगा येईपर्यंत माणूस उरला नसता. अमीरबी उठली. तिने नबीलालचा घण उचलला आणि फाडकन समोरची काच फोडली. "ही काच! आता दिवा!" दिवा फुटला. "आता तुमची गादी फाडते, मग तर घाणीचं भ्या न्हाई!" मारुतरावांनी छडी उगारली आणि तिच्या खांद्यावर सपकन ओढली. ती हलली नाही. दुसरा फटका मात्र बसला नाही. भिमाने छडी हिसकली, गुडघ्यावर मोडली आणि मालकाला राखेच्या ढिगात ढकलून दिलं. दहा वर्षं त्या माणसाचं मीठ खाल्लं होतं त्याने.

भिमाने नबीलालला उचलून लाल गादीवर घातलं. अमीरबी उशाशी बसली. गाडीला धुराडं नव्हतं, त्यामुळे इंजिनाच्या कुशीतून उघड्या ज्वाळा बाहेर पडत होत्या आणि आवाज असा, की स्टेशनावरचे हमाल कानात बोटं घालून उभे राहिले. गाडी दिसायच्या आधी सगळ्या दौंडला ऐकू आली. मालकाची हौस फिटली म्हणायची. मी मात्र शेडमध्ये फुटका पडून तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकत होतो.

जीव वाचला. उजवा पंजा गेला. भिमाची नोकरी गेली, तो शिक्रापूरला ट्रकवर लागला. मारुतराव गाडी ओढून घेऊन गेले. भिमा सांगतो, ती चिंचेखाली उभी आहे आणि तिच्या लांबलचक बॉनेटमध्ये कोंबड्या अंडी घालतात. माझ्या पोटातून तिचा धूर एकदाही गेला नाही.

पुढे तुमच्या शाळेत नबीलालला शिपायाची नोकरी मिळाली. घंटेला लोखंड हवं होतं, तेव्हा त्याने मलाच आणून टांगलं. पहिल्या दिवशी सगळी शाळा रांगेत उभी होती, मास्तर घड्याळ बघत होते. नबीलालने डाव्या हाताने हातोडी उचलली आणि थांबला. फाटकाशी अमीरबी फुटाण्यांची पाटी घेऊन बसली होती. तिच्याकडे वळून तो भरल्या शाळेसमोर मोठ्याने म्हणाला, "अगं, वाजवू का?"

मास्तर हसले. पोरं तर पोट धरून हसली. या वेळी नबीलालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत. अमीरबी उठून आली, तिने माझ्या चिरेवर तळवा ठेवला, आणि म्हणाली, "वाजवा."

तेव्हापासून एकही दिवस चुकला नाही. मित्रांनो, माझी तार गंजली आहे, ती बदला. पाऊसकाळात मला थोडं तेल लावा. आणि जाणत्या माणसाला विचारायची कधी लाज वाटली, तर माझ्या पोटावरून एकदा हात फिरवून जा. उद्या सकाळी हसायच्या आधी नीट ऐका: आधी त्याचा प्रश्न, मग तिचं उत्तर, आणि मग मी.