रूपराव एकदाच मरतील

आमच्या सेलूकडच्या नाटकात मेलेला माणूस उठून बसतो. प्रवेश रंगला की प्रेक्षकांतून कोणीतरी नारळ-दुपट्टा घेऊन येतो, माइकवाला नत्थू नाटक थांबवून त्याचं नाव पुकारतो. मेलेले आमचे नट रूपराव उठतात, दुपट्टा गळ्यात घेतात, हात जोडतात आणि परत मरतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. वाटायचं ते एकट्या माझ्या धाकट्या भावाला, प्रफुलला.

नव्वदनंतरची दहा वर्षं तालुक्यात कुठेही नाटक असो, लिहिलेलं प्रफुलचंच असायचं. पुढे मुंबईला जाऊन त्यानं मालिका लिहिल्या, एक सिनेमाही लिहिला. पण आमचे बाबा, महादेवराव, त्याच्या एकाही नाटकाला गेले नाहीत. किराणा दुकानात कोणी विचारलं, "पोरगा काय करते जी?" तर म्हणायचे, "असते इकडं-तिकडं." आणि हा पठ्ठ्या मुंबईहून मला फोन करून विचारायचा, "बाबानं मालिका पाह्यली काय?" अरे, त्यांनाच विचार ना! बापलेक दोघंही एकाच माळेचे मणी. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांचंही वाईट वाटायचं.

२००५ साली तो नवं नाटक घेऊन सेलूत आला. गोष्ट एका हट्टी दुकानदार म्हाताऱ्याची होती. तो म्हातारा कोण, हे मी पहिल्याच तालमीत ओळखलं, पण बोलले नाही. प्रफुलनं नत्थूला बजावलं, "बक्षीस पुकारायचं नाई. शेवटी रूपराव एकदाच मरतील."

प्रयोगाच्या दिवशी बाबा चक्क दुकान बंद करून आले आणि पहिल्या रांगेत बसले. मी विंगेत कपडे सांभाळत होते. प्रफुल माझ्याशेजारी नखं खात होता.

शेवटी म्हाताऱ्याचं काम करणारे रूपराव मेले. मंडप चिडीचूप झाला. तेवढ्यात बाबा पिशवीतून नारळ आणि दुपट्टा काढून स्टेजकडे निघाले.

"काकाजी, बसा," नत्थू हळूच म्हणाला. "लेखकानं नाई म्हटलं."

बाबा तिथेच थांबले. दुपट्ट्याची नीट घडी घालायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"तुले दिसत नाई काय?" मी प्रफुलला ढकललं. "बाबा उभे हायेत!"

प्रफुलचा चेहरा पांढरा पडला होता. तो विंगेतूनच ओरडला, "नत्थू, पुकार!"

रूपरावांनी एक डोळा उघडला. "उठू काय?"

"उठा," नत्थू म्हणाला.

रूपराव उठले, सवयीनं मान पुढे केली. बाबांनी दुपट्टा मागे घेतला. "तुमच्यासाठी नाई जी. लिहिणाऱ्याले बोलवा."

आमच्याकडे लिहिणाऱ्याला आजवर कोणी नारळ दिला नव्हता. प्रफुल पाय ओढत स्टेजवर गेला. बाबांनी दुपट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि नत्थूच्या हातून माइक घेतला.

"मी महादेवराव, किराणावाला. हे नाटक माह्या पोरानं लिहिलं. आन् यानं आता ज्या म्हाताऱ्याले मारलं ना, तो मीच होय."

मंडप हसून हसून लोळला. बाबाही हसले. मी रडत होते. प्रफुल बाबांच्या पायाशी वाकला तो उठेचना.

रूपराव बिचारे मधेच ताटकळले होते. त्यांनी प्रफुलच्या खांद्याला हात लावला. "भाऊ, आता मरू काय?"

प्रफुलनं डोळे पुसले. "नाई जी," तो म्हणाला. "राहू द्या जित्ते."

नत्थूनं पडदा ओढला.