गैरहजर

"चीज खाणार?" वहबाकाकांनी इस्त्री बाजूला ठेवली, पावात पांढऱ्या चीजचा भलामोठा तुकडा कोंबला आणि तो मार्सेलच्या नाकासमोर धरला.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचे दिवस. दूध, अंडी, मांस सगळं वर्ज्य. हे काकांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही; त्यांच्याही मनगटावर लहानपणीच क्रूस गोंदलेला होता. पण दर गुरुवारी संध्याकाळी मार्सेल इस्त्रीच्या दुकानात शिरली की त्यांना नेमकी भूक लागायची.

"काका, रविवारी दिसला नाहीत चर्चला," ती म्हणाली.

"बायको गेल्यापासून कधी दिसलोय? तरी येतात आपल्या हजेरी घ्यायला, आमच्या तपासनीस बाई!"

शुब्रा भागातल्या या गल्लीत चर्चला न येणाऱ्यांची विचारपूस करायचं काम मार्सेलनं आपणहून मागून घेतलं होतं. येशूचं प्रेम रविवारपुरतं गुंडाळून ठेवायचं नाही, दारोदार न्यायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. शिवाय अबूनांना, म्हणजे चर्चच्या फादरना, शब्द देऊन बसली होती की ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी वहबाकाका पुरुषांच्या बाकांवर दिसतील. तो रविवार आता जेमतेम दहा दिवसांवर आला होता आणि म्हातारा चीज चघळत होता.

"तब्येत बरी आहे ना? घरात काही अडचण?" तिनं नेहमीचे प्रश्न विचारले.

"अडचण एकच. दर गुरुवारी येते."

तिचा तोल सुटला.

"लबीबामावशी असत्या तर लाज वाटली असती त्यांना आपल्या नवऱ्याची!"

काकांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी पाव कागदात गुंडाळला आणि इस्त्री उचलून शर्टाच्या कॉलरवर फिरवायला घेतली.

"जा, बाई," ते मान वर न करता म्हणाले. "उशीर होतोय तुम्हाला."

घरी येईपर्यंत ती स्वतःवर चरफडत होती आणि त्यांच्यावरही. पुढच्या गुरुवारी ती गेलीच नाही. शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेलाही नाही. अबूनांना कोणतं तोंड दाखवणार? चादर डोक्यावर ओढून ती पडून राहिली. देवाशी तिचं भांडण नव्हतं, पण त्याच्या माणसांचा तिला अगदी वीट आला होता.

दुपारी दारावर थाप पडली. वहबाकाका उभे होते. जिने चढून धापा टाकत होते, अंगात कडक इस्त्रीचा कोट.

"काल आला नाहीत," ते म्हणाले.

"नाही जमलं."

"तब्येत बरी आहे ना? घरात काही अडचण?"

तिचेच प्रश्न, त्याच क्रमानं. चेष्टा करतायत का, म्हणून तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ते हसत नव्हते.

"बरी आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "घर कोणी दाखवलं?"

"अबूनांनी. आधी चर्चमध्येच गेलो. म्हटलं, शुक्रवार आहे, बाई तिथं असणारच. बायकांच्या बाजूला इतका वेळ बघत बसलो की एक जण डोळे वटारायला लागली. अबूनांनी विचारलं, वहबा, तू इथं कसा? म्हटलं, आमची एक बाई गैरहजर आहे, तिची चौकशी करतोय."

त्यांनी कोटाच्या खिशातून एक छोटा गोल पाव काढला. वर क्रूसाचा ठसा होता.

"हा तुमचा. देत होते सगळ्यांना, मी दोन मागितले."

मार्सेलनं पाव हातात घेतला. अजून मऊ होता.

"हा तर सगळी प्रार्थना संपल्यावर वाटतात, काका. तुम्ही शेवटपर्यंत थांबलात?"

"मग काय करणार!" काका वैतागून म्हणाले. "मध्येच उठलो असतो आणि तुम्ही उशिरा आला असतात तर? चुकामूक नसती का झाली?"