काप एकशे बेचाळिसावर

२००१ सालच्या उन्हाळ्यात परळीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या शिवकन्येवर एका स्पर्धेच्या परीक्षकाचं काम आलं. अकरा जणांनी एका प्रथिनाच्या घडीचं, म्हणजे त्याची साखळी कशी वळून बसते याचं, संगणकावर भाकीत करून पाठवलं होतं. प्रयोगशाळेत सापडलेल्या खऱ्या घडीशी ते ताडून नंबर लावायचे होते. पण हे प्रथिन लवचिक. कड्यांच्या लांब साखळीचे दोन गोळे, मध्ये पातळ सांधा. सांधा जरा वेगळा वाकला की दोन्ही गोळे अचूक ओळखणाराही मागं पडायचा. म्हणून आधी भाग पाडायचे, मग भागागणिक गुण.

थर्मल वीजकेंद्राची राख पडद्यावरून पुसत, वीज गेली की वाट बघत, शिवकन्येनं दहा दिवस प्रथिनाची मिटलेली आणि उघडी रूपं एकमेकांवर ठेवून पाहिली. एकत्र हलतील त्या कड्या एका भागात. काप पडला एकशे बेचाळिसाव्या कडीवर.

विभागप्रमुख रुद्रप्पा सरांनी कागद पाहिला. तिला बीएस्सीला त्यांनीच शिकवलेलं.

"एकशे अठरावर काप. पुढच्या चोवीस कड्या गुणांतून वगळ."

"कावून, सर?"

"लई हलतात त्या."

ती जागेवर आली आणि सरांच्या कापानं गुण काढून पाहिले. पहिला आला महांतेश, सरांचा भाचा. त्यानं नेमका तेवढाच तुकडा चुकवला होता. तिच्या कानशिलांत जाळ झाला. तशीच ती परत गेली.

"तो तुकडा पहिल्या गोळ्याला घट्ट चिकटलेला हाय, सर. तुमी महांतेशची चूकच कापून काढायला लावताय."

"कुठंतरी कापायचंच हाय ना? घरच्या पोराचं भलं झालं तर काय बिघडलं? सही कर."

"उत्तर बघून प्रश्न बदलायचा न्हाई, हे तुमीच शिकिवलंत."

तिनं सही केली, पण आपल्याच कागदावर. भर दुपारी पोस्टात जाऊन तो स्पर्धेच्या आयोजकांना रजिस्टरनं धाडला.

महिन्याभरानं निकाल लागला. आयोजकांनी तिचाच काप धरला होता, महांतेश सातवा. सरांनी संगणकाच्या खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली आणि तिला अकरावीच्या प्रॅक्टिकलला लावलं.

व्हरांड्यात महांतेश भेटला. "ताई, मला यातलं काईच ठाव नव्हतं."

तिला ते खरं वाटलं. पण सरांवरचा राग तेवढ्यानं उतरला नाही. सर स्टाफरूममध्ये आले की सगळे उठून उभे राहत. शिवकन्या त्यानंतर कधीच उठली नाही.