विटांवरचा पलंग

मित्रांनो, चारही पायांखाली विटा घेऊन उभा असलेला पलंग तुम्ही पाहिला आहे का? तो मी. वयाने जुना, पण पाठीने अजून ताठ.

सुताराने मला या घरातल्या थोरल्या बहिणीसाठी घडवले. भावाची मुले तिला आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणतो. आत्यांचे पाय लुळे पडले होते आणि घर समुद्राजवळ, तळमजल्यावर. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकदम आले की गटारे उलटी वाहत आणि पाणी थेट स्वयंपाकघरात शिरे.

"ताई, आता पाण्याला भ्यायचं नाही," म्हणत भावाने मला विटांवर चढवले. सुतार मला थोपटून म्हणाला, "हत्ती बसवा, हूं की चूं करणार नाही."

हत्ती नाही बसला. आधी आत्यांशेजारी गाद्या आल्या, मग टीव्ही, मग धान्याचे डबे. पाणी दरवर्षी गुडघ्यापर्यंत येई आणि ओसरे. घरातले हसत म्हणत, "आले का पाहुणे? किती वेळ बसणार?" आत्या मात्र दरवर्षी थोड्या कडेला सरकत. मला राग यायचा, पण पलंगाच्या रागाला कोण विचारतो?

यंदा नवा फ्रिज आला. पाणी उंबऱ्याला लागताच तो माझ्यावर आडवा केला. आता तसूभर जागा उरली नाही.

"वन्सं, घटकाभर खुर्चीत बसा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, प्लास्टिकची ती. तरंगेल."

"तुम्ही बसल्यावर? काहीतरीच!"

सगळे हसले. आत्यांना उचलून जिना कोण चढणार? पाणी काय, गुडघ्यापर्यंतच येते. मंडळी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे चहाला गेली.

त्या दुपारी पाणी गुडघ्याशी थांबले नाही. खुर्ची हलली, उचलली गेली, कलंडली. "अरे, कुणीतरी या रे!" आत्यांनी माझा पाय घट्ट धरला. मी काय करणार? मी नुसता उभा राहिलो. वर कपबश्या वाजत होत्या. थोड्या वेळाने माझ्या पायावरची पकड सुटली.

पाणी ओसरल्यावर सगळे रडले, खोटे कशाला सांगू? भाऊ तर माझ्या कडेवर डोके आपटत होता. पण चार दिवसांनी फ्रिज सुरू करून पाहिला. चालला. समाचाराला आलेले लोकही मला थोपटून म्हणाले, "पलंग असावा तर असा."

मित्रांनो, माझ्यासारखे जुने सामान नेहमी सांगते, आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. घरात पाणी शिरले तर मला खुशाल बुडू द्या, पण आधी माणसाला उचला.

हे इथे कुणी ऐकत नाही. माझ्याखाली एकेक वीट वाढवली आहे. भावाचे गुडघे धरू लागले आहेत, आणि वहिनी कालच वॉशिंग मशीन बघून आल्या.